फुलपाखरांवर लिहायचंय: आधी ब्लॉग की आधी पुरवणी?

पानफुटी:
नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते, नोकरी हिशेबाची. छंद फुलपाखरांचा, तोही बाल्कनीपुरता. कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, रुई ही झाडं त्यांच्यासाठीच लावली आहेत. (रुई बघून शेजारच्या काकू दर शनिवारी मारुतीसाठी पानं मागायला येतात. अळी नसलेली शोधून देते.)

मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, "कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट दिसली तर झटकू नका, चालायला लागते का बघा." लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉनच्या लहान अळ्या हुबेहूब तशाच दिसतात. मोठ्या झाल्या की हिरव्या होतात, आणि डिवचलं की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढतात. त्याला उग्र वास येतो. एवढंच लिहिलं होतं, पण लोक अजून आपापल्या कुंड्यांचे फोटो पाठवतायत. त्यामुळे नियमित लिहावं, जमल्यास चार पैसेही मिळावेत, असं डोक्यात आलंय.

अडचण अशी की एका पुरवणीने लेख मागितलाय. मानधन नाही, नाव छापतील. मेलमध्ये "लेखाचे सर्व हक्क आमच्याकडे राहतील" अशी ओळ आहे. ब्लॉगवर आधी टाकलं तर त्यांना चालत नाही, कारण लेख पूर्वप्रकाशित नको. मग ब्लॉग काढू की थांबू? प्राणिशास्त्राची पदवी नाही, त्याने काही अडतं का? मराठी ब्लॉगवर जाहिरातींचे पैसे खरंच मिळतात का?

गच्चीवाला:
वाचतोय. माझ्याकडे विषय वेगळा (निवडुंग), प्रश्न हेच.

जुना_खर्डा:
ताई, त्या ओळीला मान डोलावू नका. नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं नसेल तर लेखाचे पहिले मालक तुम्हीच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि तुमच्या सहीने. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. सरळ कळवा, "प्रथम प्रकाशनाचा हक्क देते, छापून आल्यावर तीन महिन्यांनी ब्लॉगवर टाकीन." बहुतेक वेळा कुणी हरकत घेत नाही. घेतली तर फुकट लेखासाठी एवढा हट्ट का, हे विचारायला हरकत नाही.

ब्लॉग आजच काढा, पण मोठे लेख राखून ठेवा. तिथे छोट्या नोंदी टाका. उद्या संपादकाने "आधी काय लिहिलंय?" विचारलं की लिंक देता येते. जाहिरातींच्या भरवशावर मात्र राहू नका. मराठी निसर्गब्लॉगवर त्यातून होस्टिंगचा खर्च निघाला तरी खूप. पैसे मिळालेच तर बाहेरून मिळतील: मुलांची मासिकं, दिवाळी अंक, नर्सरीवाल्यांसाठी झाडांची माहिती. दिवाळी अंकाचं काम पावसाळ्यातच चालू होतं, तेव्हा दसऱ्याला विचारून उपयोग नाही.

रानवाट:
पदवी नसल्याने अडत नाही, ओळख चुकली तर अडतं. छापायला देण्याआधी 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या साइटवर पडताळून घ्या, शंका असेल तर आयनॅचरलिस्टवर (फोटोवरून जीव ओळखायला इतर लोक मदत करतात ती साइट) फोटो चढवा. तुम्ही ठाण्यातच आहात, ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग बघितली नसेल तर जरूर जा.

आणि कृपा करून "फुलपाखरू: निसर्गाची रंगीत देणगी" छापाचा लेख नको, तसे ढिगाने आहेत. तुमच्याकडे पानफुटी आहे ना? रेड पिएरो या फुलपाखराची अळी पानाच्या आतच बोगदा करून राहते. पान उजेडासमोर धरलं की आत सरकताना दिसते. त्या एका पानावर आठशे शब्द लिहा, मी वाचेन.

पानफुटी:
सगळ्यांचे आभार! @जुना_खर्डा, तुमचं वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये घातलं. @रानवाट, आत्ता दोन पानांत बोगदे आहेत, लिहायला घेते. एक राहिलं: लेखासोबतच्या फोटोंचे हक्कही त्यात जातात का?

जुना_खर्डा:
आपोआप नाही. फोटो ही वेगळी कृती. पण "सर्व साहित्य" असा शब्द घालून तेही मागतात, म्हणून मेलमध्ये फोटोंसाठी वेगळी ओळ लिहा: या लेखासोबत एकदाच वापरता येतील, खाली नाव हवं. मूळ मोठ्या फाइल स्वतःकडेच ठेवा.