मदत हवी आहे: माझ्याच एका कंपनीचे शेअर दुसरीला विकले तर लाभांश धरणार का?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत माझ्या दोन सी कॉर्पोरेशन (मालकांपासून वेगळा, स्वतःचा कर भरणाऱ्या कंपन्या) आहेत. पहिली पूर्ण माझी, दुसरीत माझे ६० टक्के, धाकट्या भावाचे ४० टक्के. पहिलीचे सगळे शेअर दुसरीला ३ लाख डॉलरला विकायचे ठरवलंय. मूळ खर्च ८० हजार, म्हणजे कर २ लाख २० हजारांच्या नफ्यावर, असं मी धरून चाललो होतो.

पण अमेरिकी प्राप्तिकर कायद्याचं सेक्शन ३०४ वाचलं आणि झोप उडाली. दोन्हींवर माझा ताबा किमान ५० टक्के, म्हणून ही विक्री नव्हे, रिडेम्प्शन (कंपनीनेच आपले शेअर परत विकत घेणं) धरतात. विकूनही दुसरीमार्फत पहिलीत माझा वाटा ६० टक्के उरतो, त्यामुळे रिडेम्प्शनला विक्रीसारखं धरण्यासाठीची सेक्शन ३०२ ची ‘वाटा निम्म्याहून कमी’ ही कसोटी हुकते. दोन्हींत साठलेला नफा भरपूर आहे, म्हणजे पूर्ण ३ लाख लाभांश! दर तोच, पण ८० हजारांची वजावट जाते.

सेक्शन ३१८ मध्ये बायको-मुलं, आईवडील यांचे शेअर माझेच म्हणून मोजतात, भावाचे नाही. मग आधी दुसरीतले १५ टक्के भावाला विकून ४५ वर आलो तर चालेल? की दोन्ही व्यवहार एकच धरतील? आणि ते ८० हजार दुसरीच्या शेअरच्या खर्चात मिळवता येतात का? कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा, या महिन्यात सह्या आहेत.