व्हिडिओ कन्व्हर्ट केला की आवाज मागे पडतोय, आणि दुसऱ्या फाइलला आवाजच नाही

ताशावाली_कर्वेनगर:
दोन फायलींनी डोकं उठवलंय. पहिली आमच्या पथकाच्या सरावाची. नदीकाठी मांडवात सराव असतो, परवा संध्याकाळी भावाने मोबाइलवर सलग २० मिनिटं शूट केलं, फाइल अडीच जीबीच्या वर गेली म्हणून नेटवरून एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवला आणि लहान केली. सुरुवातीला सगळं बरोबर आहे, पण पाचेक मिनिटांनी आवाज मागे पडायला लागतो आणि शेवटी तर कहर, सगळे ढोल थांबलेत, पोरं घाम पुसतायत, एकजण बाटलीचं झाकण उघडतोय आणि मागे वादन जोरात चालूच, चार सेकंद तरी. ग्रुपवर टाकला तर सगळे विचारतायत एवढे बेताल वाजवतो का आपण. मूळ फाइल मोबाइलवर एकदम ओके आहे.

दुसरी बाबांच्या जुन्या हँडीकॅममधली, भावाच्या मुंजीची, एमटीएस प्रकारची फाइल होती ती एमपी४ केली. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये आवाज येतो, आजीच्या मोबाइलवर चित्र दिसतं पण आवाज शून्य. आजीला वाटतंय तिचेच कान गेले. काय करू?

पेठेतला_शहाणा:
आधी ब्लूटूथ हेडफोन काढा, त्याने पण आवाज मागे पडतो, अर्धे लोक तिथेच फसतात. तरी होत असेल तर व्हीएलसीत जे आणि के ही बटणं आहेत, एकदा दाबलं की ५० मिलिसेकंद. जे ने आवाज आधी येतो, के ने उशिरा. विषय संपला.

लग्नाचा_कॅमेरावाला:
शहाणे, विषय नाही संपला :) जे-के ने आवाज सगळीकडे सारखाच सरकतो. हिचा सुरुवातीला बरोबर आहे आणि नंतर मागे पडतोय. शेवट जुळवायला ४ सेकंद सरकवलात तर सुरुवात ४ सेकंद बिघडेल. शिवाय ते फक्त बघताना, फाइल आहे तशीच राहते.

ताई, मूळ फाइल मीडियाइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा (फुकट आहे) आणि फ्रेमरेट मोड बघा (फ्रेमरेट म्हणजे सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम). पैज लावतो, तिथे व्हेरिएबल, म्हणजे बदलता, लिहिलेलं असणार. मोबाइल सेकंदाला ठरलेल्या ३० फ्रेम घेतोच असं नाही, उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ देतो आणि फ्रेम कमी पडतात. तुमचा सराव संध्याकाळी, हॅलोजनच्या उजेडात. आवाजाचं तसं नसतं, तो सेकंदाला ४८,००० नमुने इमानदारीत घेत राहतो. आता कन्व्हर्टरने ३० च आहेत असं धरून चित्र बांधलं की चित्र लवकर संपणार. समजा सरासरी २९.९ आहे, २० मिनिटांच्या झाल्या ३५,८८० फ्रेम, त्या ३० ने चालवल्या तर ११९६ सेकंदात खलास, आणि आवाज पूर्ण १२०० सेकंदांचा. हे बघा तुमचे ४ सेकंद. तुमची पोरं तालात आहेत, चित्र पुढे पळतंय.

उपाय: बिघडलेली फाइल सोडून द्या, तिच्यावर परत परत कन्व्हर्ट मारत बसू नका, मूळ घ्या. ती पण भावाकडून व्हॉट्सअ‍ॅपला व्हिडिओ म्हणून मागवू नका, तिथे ती दाबली जाते, केबलने घ्या. हँडब्रेक नावाच्या कन्व्हर्टरमध्ये टाका, व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० करा आणि त्याच्याच खाली कॉन्स्टंट, म्हणजे कायम तेवढाच, निवडा. नुसतं ३० करून भागत नाही, खालचं ते टिंब लोक विसरतात. मग तो प्रत्येक फ्रेमची खरी वेळ बघून जिथे कमी पडतात तिथे तीच फ्रेम परत घालतो आणि लांबी जुळते. मी पण माझ्या पहिल्या एका लग्नात मोबाइलची क्लिप अशीच सरळ एडिटिंगला घेतली होती, मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या तरी "सावधान" यायचं बाकी. त्या पार्टीने उरलेले पैसे दिले नाहीत अजून.

मुंजीची फाइल वेगळा आजार आहे. त्या हँडीकॅमच्या एमटीएसमध्ये आवाज बहुतेक डॉल्बीच्या एसी३ प्रकारात साठवलेला असतो, तुमच्या कन्व्हर्टरने तो तसाच उचलून एमपी४ मध्ये ठेवला असणार. बऱ्याच मोबाइलच्या प्लेअरला एसी३ कळत नाही, व्हीएलसी स्वतःचा डीकोडर घेऊन येतो म्हणून तिथे वाजतो. हँडब्रेकच्याच ऑडिओच्या टॅबमध्ये कोडेक (आवाज साठवायचा प्रकार) एएसी करा, पासथ्रू (आवाज जसाच्या तसा उचलणं) असेल तर काढा, स्टिरिओ ठेवा. आणि घाई असेल तर आजीच्या मोबाइलवर व्हीएलसीच टाका की.

ताशावाली_कर्वेनगर:
दादा, कमाल! मीडियाइन्फोत व्हेरिएबलच होतं, सरासरी २९.९ च्या आसपास. आता शेवटी ढोल आणि आवाज एकदमच थांबतात. मुंजीला पण आवाज आला, आजीने "भवति भिक्षां देहि" तीनदा लावून ऐकलं आणि वर मला सांगते की माझे कान ठीकच होते.

पण एक राहिलंय. ढोल आता पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी किंचित मागे वाटतो. टिपरू लागतं आणि दोन-तीन फ्रेमनंतर आवाज. वाढत नाही, तेवढाच राहतो. मूळ फाइल नीट बघितली तर तिथे पण आहे. हेडफोन वायरचा आहे, आधीच सांगते.

लग्नाचा_कॅमेरावाला:
भाऊ कुठे उभा होता?

ताशावाली_कर्वेनगर:
मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, झूम करून. पन्नास ढोलांपुढे उभं राहवत नाही म्हणे त्याला. ३०-३५ मीटर असेल.

लग्नाचा_कॅमेरावाला:
मग फाइल निर्दोष आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, ३४ मीटरला ०.१ सेकंद, म्हणजे ३० च्या हिशोबाने बरोब्बर ३ फ्रेम. झूमने चित्र जवळ आलं, आवाज चालतच आला. इथे मात्र शहाण्यांचं जे चालेल, दोनदा दाबून बघा. कायमचं करायचं तर एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाका, ऑडिओ ट्रॅक निवडून डिलेच्या रकान्यात उणे १०० लिहा, परत एन्कोड न करता मिनिटभरात होतं. फक्त फाइल एमकेव्ही बनते, ग्रुपवर टाकायची असेल तर हे न करता आत्ताची फाइलच ठेवा, ३ फ्रेम कुणाला कळत नाहीत.

पेठेतला_शहाणा:
म्हणजे जे दाबायचंच होतं शेवटी.