'रेझिलियन्स'ला लवचिकता म्हणावं का?

कानामात्रा
पर्यवेक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर चालू आहे. विषय कामावरचा ताण आणि 'रेझिलियन्स', म्हणजे ताणातून पुन्हा सावरण्याची ताकद. 'रेझिलियन्स'ला सगळीकडे 'लवचिकता' घातलं, पण तिसऱ्या प्रकरणात 'लवचिक कामाचे तास' आले आणि घोळ झाला. 'कर्मचाऱ्यांची लवचिकता वाढवा' हे वाक्य तपासणाऱ्याने 'हवं तेव्हा या, हवं तेव्हा जा' असं वाचलं. त्यांनी 'सोशिकता' सुचवलंय. ते नको वाटतं. 'वेल-बीइंग'साठीही शब्द हवाय.

पोलादी
लवचिकता चूकच. लवणं म्हणजे वाकणं; परत सरळ होण्याची हमी त्यात नाही. धातुशास्त्रात रेझिलियन्सला नेमका अर्थ आहे: स्थितिस्थापक मर्यादेच्या (जिच्या पलीकडे वाकलेलं परत सरळ होत नाही) आत पदार्थ जेवढी ऊर्जा शोषतो आणि भार काढल्यावर परत देतो, ती. एकक घनफळामागे मोजायची तर मर्यादेच्या प्रतिबलाचा (एकक क्षेत्रफळावरच्या बलाचा) वर्ग भागिले यंग गुणांकाची, म्हणजे पदार्थाच्या ताठपणाच्या मापाची, दुप्पट. तुटेपर्यंत शोषलेली सगळी ऊर्जा म्हणजे चिवटपणा. मऊ पोलाद चिवट असतं, पण एकदा वाकलं की वाकलेलंच. स्प्रिंगचं पोलाद परत येतं. तेव्हा 'चिवटपणा'ही बाद.

शुद्धमती
मग 'स्थितिस्थापकता' तयार आहेच की! शाळेच्या पुस्तकात शिकलेला शब्द आहे. मराठीत शब्द नाही म्हणून रडायचं आणि असलेला वापरायचा नाही.

अर्धविराम
अहो, 'कर्मचाऱ्यांची स्थितिस्थापकता' वाचून पर्यवेक्षक पुस्तिका मिटून ठेवेल. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'मागे उडी घेणे'. त्याला 'उसळी' जवळची, पण ती शेअरबाजाराने पळवली. माझं मत 'उभारी'ला. 'पुन्हा उभारी धरली' हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. शिवाय उभारीत ऊब आहे, माणसाला धीर देणारी.

शुद्धमती
उभारीचा उबेशी काडीचा संबंध नाही. संस्कृत ऊर्ध्व, प्राकृत उब्भ, मराठी उभा. त्यावरून उभारणे, उभारी. कानाला गोड लागली म्हणून व्युत्पत्ती होत नाही.

अर्धविराम
व्युत्पत्ती तुमची, शब्द माझा. चालेल?

रात्रपाळी
पोलादी, तुमच्या सूत्रात एक गोष्ट राहिली. मर्यादेच्या आतला भारही लाखो वेळा दिला की तडा जातो.

पोलादी
जातोच. त्याला फटीग म्हणतात. आणि तडा सहसा सुरू होतो तो खाचेपाशी, फिरत्या दांड्यावर चावी बसवायच्या गाळ्याच्या कोपऱ्यात, नाहीतर पृष्ठभागावरच्या ओरखड्यात. उपाय बहुतेकदा रचनेतला: कोपरा गोल करा, ओरखडा घासून काढा. धातू बदलणं ही शेवटची गोष्ट.

रात्रपाळी
तेच म्हणायचंय. म्हणून 'सोशिकता'वर फुली मारा. तो शब्द छापला की सगळं ओझं सोसणाऱ्यावर जातं. कामावरच्या ताणाचे अभ्यासक कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेलं प्रारूप बघा: कामाची मागणी जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायची मुभा कमी, या जोडीत ताण सर्वाधिक. नुसती मागणी जास्त आणि मुभाही भरपूर, तर माणूस शिकतो. बैठका सलग लावल्या की मधली उसंत कॅलेंडरच गिळतं. 60 ऐवजी 50 मिनिटांची बैठक हे सेटिंग एकदा केलं की रोज कोणाला आठवण करावी लागत नाही. रजेवर गेलेल्याचं काम कोणी घेतलं नाही तर परतल्यावर ढीग तयार, रजेचा फायदा पहिल्याच आठवड्यात संपला. पाळ्या फिरवायच्या तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने. उलट फिरवल्या की झोप मोडते, कारण शरीराला झोप लांबवणं सोपं, अलीकडे आणणं अवघड. यात कुठेही 'कर्मचाऱ्यांनी खंबीर व्हावे' येत नाही.

कानामात्रा
पुस्तिकेत नेमकं तेच वाक्य आहे. पान 4.

फुलस्टॉप
मग 'बर्नआउट'ला, म्हणजे कामाने पार थकून जाण्याला, काय घातलंय? कुठे तरी 'ज्वलनक्षीणता' वाचलं होतं, अजून हसू येतं.

रात्रपाळी
एका शब्दात कोंबूच नका. मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये शब्द वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, कामाशी निगडित बाब म्हणून येतो, आणि त्याला तीन बाजू आहेत. तिन्हींना मराठी तयार आहे: शीण, वीट, आणि हातून काही होत नाही ही भावना. नुसता शीण रजेने उतरतो. कामाचा वीट आलेल्या माणसाला रजा दिली तर तो परत येताना वीट घेऊनच येतो.

शुद्धमती
'वीट' बोलीतला आहे. अधिकृत पुस्तिकेत 'उद्वेग' किंवा 'वैफल्य'.

फुलस्टॉप
वैफल्य निवडणुकीनंतर येतं. कामाचा वीटच येतो.

अर्धविराम
वेल-बीइंगला 'स्वास्थ्य' घ्या. मराठीत 'अस्वस्थ' म्हणजे मनाची चुळबुळ. हिंदीत तो सरळ आजारी होतो. आपल्याकडे हा शब्द अजून मनाजवळ आहे.

पोलादी
पण 'स्वास्थ्य केंद्र' वाचून लोक तापाच्या गोळ्या मागायला जातील. 'कल्याण' घेतलं तर कँटीन आणि पाळणाघर. 'खुशाली' पत्रात शोभते.

शुद्धमती
'योगक्षेम'. नसलेलं मिळवणं आणि असलेलं राखणं, दोन्ही एका शब्दात.

फुलस्टॉप
विमा कंपनीने घेतलाय तो आधीच.

कानामात्रा
सगळ्यांचे आभार, पण मला सोमवारी द्यायचंय. सध्या शीर्षकात 'उभारी', मजकुरात 'तग धरण्याची क्षमता' ठेवतोय. पान 4 चं वाक्य बदलता येत नाही, मूळ लेखक परवानगी देत नाहीत.

रात्रपाळी
'तग' नको हो. बुडणारा तग धरतो. वाक्य बदलता येत नसेल तर कर्ता तरी बदला: 'विभागाने उभारी द्यावी'.

शुद्धमती
उभारी 'देतात' की 'धरतात'? 'देणे' मला खटकतं.

पोलादी
दोन्ही. 'पिकाने उभारी धरली', 'खताने उभारी दिली'.

शुद्धमती
खताने दिली हे छापील कुठे आढळलंय?