टीव्हीवर लेकर्सची मॅच, आवाज मात्र रेडिओचा: मेळ कसा बसवायचा?

इर्व्हाइनकर
लेकर्स म्हणजे लॉस एंजेलिसचा बास्केटबॉल संघ. त्यांच्या मॅचला टीव्हीचा आवाज बंद करून ७१० एएम या रेडिओ स्टेशनवरची जॉन आयर्लंड आणि मायकल थॉम्पसन यांची कॉमेंट्री ऐकायची आहे. चेंडू कुणाच्या हातात, कोर्टाच्या कुठल्या बाजूला, शॉट क्लॉकवर (शॉट मारायला दिलेल्या वेळेच्या घड्याळावर) किती सेकंद उरले, हे रेडिओवाले सांगतात. टीव्हीवाले चित्रावर सोडून देतात. अडचण अशी की साध्या रेडिओवर बास्केट आधी ऐकू येते आणि मग दिसते. फोनच्या ॲपवर ऐकलं तर नेमकं उलटं. स्टेशन एकच, मग असं का? घरी केबल, डीव्हीआर (टीव्ही रेकॉर्ड आणि पॉज करणारा बॉक्स), बॅटरीवरचा रेडिओ आणि एक जुना विंडोज लॅपटॉप आहे.

ध्वनिवेडा
तिन्ही वाटा वेगळ्या आहेत म्हणून. कॉमेंट्रीचा आवाज अरीनातल्या (मॅचच्या स्टेडियममधल्या) मिक्सरमधून कोडेकमार्गे (आवाज डिजिटल करून पाठवणाऱ्या यंत्रातून) स्टेशनवर जातो आणि तिथून एएमवर. स्टेशनने मुद्दाम उशीर ठेवला नसेल तर ही सर्वांत जवळची वाट. टीव्हीच्या चित्राला उपग्रहामुळे उशीर होतो असं लोक समजतात, पण उपग्रहाची एक फेरी जेमतेम पाव सेकंदाची. खरा वेळ चित्र दाबण्यात, पुन्हा उलगडण्यात आणि केबल कंपनीच्या यंत्रणेत जातो. ॲप तर आवाजाचे तुकडे करून पाठवतं. तुकडा ६ सेकंदांचा असेल आणि प्लेअर तीन तुकडे साठवूनच सुरू होत असेल, तर १८ सेकंद तिथेच गेले.

तेव्हा एएम ऐकणार असाल तर रेडिओचा आवाज उशिरा वाजवायचा, ॲप ऐकणार असाल तर टीव्हीचं चित्र उशिरा दाखवायचं.

आधी फरक मोजा. त्यासाठी कॉमेंटेटरचं वाक्य धरू नका, कारण तो बघून बोलतो आणि तेवढा मागे असतो. क्वार्टर (मॅचच्या चार भागांपैकी एक) संपतानाचा भोंगा धरा. गेम क्लॉक शून्यावर आलं की बॅकबोर्डच्या कडेचे लाल दिवे लागतात आणि त्याच क्षणी भोंगा वाजतो. रेडिओवर भोंगा ऐकताच स्टॉपवॉच सुरू करा, पडद्यावर लाल कड दिसताच थांबवा. मधेच मोजायचं असेल तर फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा फेक) बरा: सगळे स्तब्ध उभे असतात आणि रिंगला चेंडू लागल्याचा आवाज इफेक्ट्स माइकमधून (कोर्टावरचे आवाज टिपणाऱ्या माइकमधून) स्वच्छ येतो.

मग रेडिओच्या हेडफोन जॅकमधून ३.५ मिमीची वायर लॅपटॉपला जोडा आणि ठरावीक सेकंद आवाज धरून ठेवणारा एखादा डिले प्रोग्राम चालवा. जुना लॅपटॉप पुरेसा आहे. मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर ४० सेकंदांना साडेतीन एमबी मेमरी लागते. मात्र लॅपटॉपच्या माइक जॅकमध्ये वायर खुपसू नका, तो अगदी बारीक सिग्नलसाठी असतो, आवाज फाटतो. लाइन-इन (मोठ्या सिग्नलसाठीचा जॅक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि रेडिओचा व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली ठेवा. विंडोजच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ बंद आहे ना, तेही बघा. ते चालू राहिलं तर मूळ आवाज आणि उशिराचा आवाज दोन्ही एकदम ऐकू येतात.

खरखर_नको
वरच्या जोडणीत खरी डोकेदुखी एएमच्या खरखरीची. टीव्ही, लॅपटॉपचा चार्जर, एलईडी दिवे हे सगळे त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. रेडिओ टीव्हीपासून दोन-तीन मीटर लांब, खिडकीपाशी ठेवा. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. खरखर गेली तर दोष चार्जरचा. रेडिओतल्या फेराइट रॉडला (एएमच्या आतल्या अँटेनाला) टोकांच्या दिशेने कमी ऐकू येतं, म्हणून रेडिओ हळूहळू फिरवत जा आणि गोंगाट सर्वांत कमी होईल तिथे थांबा. स्टेशन मोठं करण्यापेक्षा गोंगाट मारणं जास्त उपयोगी पडतं.

इतर शहरांत संघाची कॉमेंट्री एफएमवर असेल तर आणखी एक खोच आहे. एचडी रेडिओवाली (साध्या आवाजासोबत डिजिटल आवाजही पाठवणारी) स्टेशनं डिजिटलशी जुळावं म्हणून साधं एफएमही सुमारे ८ सेकंद रोखून धरतात. काही जण मॅचपुरतं ते रोखणं काढतात, कारण अरीनात रेडिओ कानाला लावून बसलेल्यांना ८ सेकंद शिळी कॉमेंट्री काय कामाची? म्हणून मॅचआधीच्या गप्पांवर मोजलेला फरक टिप-ऑफनंतर (मॅच सुरू झाल्यावर) बदलू शकतो.

इर्व्हाइनकर
ॲपवर टीव्ही पॉज करून मेळ बसतो, पण थोड्या वेळाने सुटतो. का?

ध्वनिवेडा
बहुतेक जाहिरातींमुळे. ॲप ब्रेकमध्ये स्वतःच्या जाहिराती घालतं आणि त्यांची लांबी स्टेशनच्या ब्रेकशी तंतोतंत जुळत नाही. नेट अडखळलं तरी प्लेअर काही सेकंद मागे पडतो. प्रत्येक क्वार्टरमध्ये घड्याळात ६:५९ आणि २:५९ मिनिटं उरल्यानंतर ठरलेले टाइमआउट असतात, ते संपले की एकदा तपासा. टीव्ही आवाजाच्या पुढे असेल तर पॉज पुरे. मागे असेल तर डीव्हीआरवर थोडं पुढे न्या; ‘लाइव्ह’चं बटण दाबू नका, सगळा फरक पुसला जातो.

जुना_लेकर
लेकर्सचे जुने कॉमेंटेटर चिक हर्न असेपर्यंत लेकर्सवाल्यांना हा खटाटोप कमीच करावा लागायचा. वर्षानुवर्षं त्यांची एकच कॉमेंट्री रेडिओ आणि टीव्हीवर एकाच वेळी जायची, त्यामुळे टीव्हीसमोर बसलेल्यालाही रेडिओइतकं भरगच्च वर्णन मिळे. २१ नोव्हेंबर १९६५ ते १६ डिसेंबर २००१, सलग ३,३३८ सामने! इर्व्हाइनकर, मेळ बसला की एक ऐका: क्वार्टरच्या सुरुवातीला संघ डावीकडून उजवीकडे की उलट चालला आहे, ते सांगतात का. ती दिशा रेडिओच्या डायलवरची असते आणि कॉमेंटेटर बसला आहे त्या बाजूने मोजलेली. टीव्हीचा मुख्य कॅमेरा समोरच्या बाजूला असेल तर चित्रात सगळं उलटं दिसेल. तेवढ्यासाठी वायर काढून पुन्हा जोडत बसू नका.