संयुजा पाठ करायची की काढायची?

संयुजेचा तक्ता पाठ करण्याला पर्याय नाही, हे म्हणणं मला निम्मंच पटलं. संयुजा म्हणजे दुसऱ्या अणूंशी जोडलं जाताना अणू किती इलेक्ट्रॉन देतो, घेतो किंवा वाटून घेतो, तो आकडा. सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी, आतल्या कक्षेपासून बाहेर, २, ८, १. शेवटचा एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला की सुटला, म्हणून संयुजा १. क्लोरीनची २, ८, ७. तो सात इलेक्ट्रॉन देत कशाला बसेल? एक घेतला की बाहेरच्या कक्षेत आठ पुरे, म्हणून त्याचीही १. इथे पोरं हमखास ७ लिहितात (मीही लिहिलं होतं). बाहेरच्या कक्षेत चारपर्यंत असतील तर तोच आकडा, जास्त असतील तर आठातून वजा. हेलियम सोडलं तर पहिल्या वीस मूलद्रव्यांची नेहमीची संयुजा यातून निघते.

गाडी अडते लोहापाशी. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन गेले की फेरस, संयुजा २. आतल्या कक्षेतला आणखी एक गेला की फेरिक, संयुजा ३. म्हणूनच फेरस क्लोराइडमध्ये एका लोहामागे दोन क्लोरीन आणि फेरिकमध्ये तीन. गंधक तर आणखी लहरी: हायड्रोजन सल्फाइडमध्ये २, सल्फर डायऑक्साइडमध्ये ४, ट्रायऑक्साइडमध्ये ६. पाठांतर करायचंच तर अशा मंडळींचं करावं.