काटा लाल पट्टीपाशी, पण पाण्याची बाटली तुडुंब! (मारुती ८००, १९९८)

धायरीकरीण:

नमस्कार. पुण्यात 'गाडी' म्हटलं की दुचाकीच समजतात, म्हणून आधीच सांगते, ही चारचाकी आहे. बाबांची मारुती ८००. १९९८ची, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची, ९४ हजार किलोमीटर झालेली. बाबा गेल्यावर दोन वर्षं पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. दिवाळीत आई म्हणाली, "विकायची तर विका, पण अशी सडवू नका." मग नवीन बॅटरी टाकली, टाकी साफ करून घेतली, पुढच्या पाच वर्षांचं पासिंग करून आणलं. आता शनिवार-रविवार मी चालवते.

प्रॉब्लेम असा की गाडी तापते. धायरी फाट्यापासून स्वारगेटपर्यंत दर सिग्नलला तापमानाचा काटा थोडा थोडा वर सरकतो. गाडी पळायला लागली की खाली येतो. गेल्या रविवारी मात्र खेड शिवापूरला निघालो होतो, तर दरी पुलाच्या पुढे, नव्या कात्रज बोगद्याच्या चढावरच काटा लाल पट्टीला टेकला. बाजूला घेतली. आई पदराने वारा घालत होती. इंजिनाला की स्वतःला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

बॉनेट उघडून रेडिएटरला जोडलेली पाण्याची बाटली पाहिली तर पाणी काठोकाठ! नंतर गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी पाच मिनिटं बघून निकाल दिला : हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, अठरा हजार. त्याआधी दुसऱ्या एकाने रेडिएटरचा वरचा रबरी पाइप बदलला होता, कारण सकाळी तो पिचकून चपटा झालेला असायचा. नवा पाइपही आता तसाच पिचकतो.

अठरा हजार खर्चायला ना नाही, पण खरंच गॅस्केट आहे का, हे कसं ओळखायचं?

घाटमाथा:

इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरतो तो थर्मोस्टॅट काढून फेका. आपल्या हवेत लागत नाही. माझ्या व्हॅनचा दहा वर्षांपूर्वी काढला, आजपर्यंत एकदाही तापली नाही.

शनिवारकर:

अठरा हजारांत सर्व्हिस केलेली बरी स्कूटर येते. बघा बुवा.

पाना_बारा_तेरा:

धायरीकरीण ताई, इंजिन खोलू देऊ नका. निदान या रविवारपर्यंत तरी.

मी एका कारखान्याच्या वाहन विभागात तीस वर्षं काढली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण घरच्या ८००चे नट-बोल्ट अजून मीच आवळतो. 'गाडी हीट मारते' एवढ्या वाक्यावर कुणी निदान सांगितलं की मला पहिल्यांदा शंका येते. कधी तापते, हे आधी विचारायला हवं. सिग्नलला तापते आणि पळाल्यावर उतरते, तर वारा कमी पडतोय, म्हणजे फॅन बघायचा. सपाट हायवेवर ऐंशीने जातानाही तापते, तर पाणीच नीट फिरत नाही, मग रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंप. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा टणक होतो, तर मात्र गॅस्केटचा संशय रास्त आहे, कारण इतक्या लवकर पाणी तापून दाब येत नाही. तो दाब सिलिंडरमधून येतोय.

तुमची सुरुवात पहिल्या प्रकारात झाली आणि नंतर चढावर बिघडली. पण तुम्ही सहज म्हणून लिहिलेल्या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत भरल्या. बाटली काठोकाठ आणि पाइप पिचकलेला. या दोन्ही जोडीने दिसल्या की मी सगळ्यात आधी रेडिएटरची कॅप हातात घेतो.

त्या कॅपमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा स्प्रिंगचा. पाणी तापून फुगलं की ठरलेल्या दाबाला तो उघडतो आणि जास्तीचं पाणी बारीक नळीने बाटलीत जातं. कॅपवर बहुतेक ०.९ असा आकडा कोरलेला दिसेल, तोच हा दाब. त्याच्यामुळेच आतलं पाणी ११५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. नाहीतर पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळायला लागतं. दुसरा व्हॉल्व्ह मधोमध, बटणाएवढा. गाडी थंड झाली की पाणी आक्रसतं, आत ओढ तयार होते, हे बटण उघडतं आणि बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये येतं.

गाडी दोन वर्षं उभी होती म्हणालात. त्यात ते बटण गंजून किंवा क्षार धरून चिकटलं असणार. मग पाणी बाटलीत जातं पण परत येत नाही. रात्रभर आतली ओढ मऊ पाइपला आत खेचते, म्हणून तो सकाळी चपटा. तिथे दहा नवे पाइप लावले तरी दहाही पिचकतील. शिवाय एखाद्या सैल क्लॅम्पमधून थोडी हवा आत शिरते. दर फेरीला थोडं पाणी बाहेर, थोडी हवा आत. बाटली भरत जाते, रेडिएटर रिकामा होत जातो आणि आपण बाटलीकडे बघून निर्धास्त.

आता फॅन. तो चालू करणारा थर्मो स्विच पाण्यात बुडालेला असला तरच त्याला तापमान कळतं. तिथे हवा अडकली तर बाकीचं इंजिन तापत राहतं आणि फॅन गपचूप. सिग्नलला तुमचा फॅन फिरतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

रविवारी सकाळी गाडी पूर्ण थंड असताना हे करा. गरम असताना कॅपला हात लावू नका, अगदी जाड फडकं घेऊनसुद्धा नाही. माझ्या उजव्या मनगटावर १९९१ सालचा डाग आहे.

कॅप उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली जाते का ऐका. पाणी तोंडापर्यंत आहे का बघा. मग कॅप उलटी करून मधलं बटण नखाने हलकेच ओढा. चांगल्या कॅपचं सहज उघडतं आणि सोडलं की आपोआप बसतं.

पाणी तोंडापर्यंत भरा आणि कॅप उघडीच ठेवून गाडी चालू करा. सुरुवातीला चार बुडबुडे येतील, ती अडकलेली हवा. पण एका लयीत बुडबुडे येतच राहिले, थांबेनात, तर गॅस्केटवाला खरा आणि मी खोटा. ऑइल भरायच्या झाकणाखाली ताकासारखा फेस आहे का तेही बघा. मात्र नुसत्या त्यावर घाबरू नका. गाडी नुसती भाजी आणायला जाऊन येत असेल तर झाकणाखाली दवाचं पाणी जमून तसाच थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल तेव्हा काळजी.

तसंच चालू ठेवा आणि फॅन लागतो का बघा. लागला नाही आणि काटा मधल्या खुणेच्या वर चालला, तर बंद करा आणि मला लिहा.

घाटमाथा, थर्मोस्टॅट काढलेली गाडी तापत नाही हे खरं. ती नीट गरमच होत नाही. कार्ब्युरेटरचं इंजिन कायम थंड राहिलं की पेट्रोल जास्त पितं आणि ऑइल लवकर खराब होतं. थर्मोस्टॅटचा संशय आला तर पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकावा. साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला हवा. उघडला तर निमूटपणे परत बसवावा.

घाटमाथा:

व्हॅन १४चं ॲव्हरेज देते. आता कळलं का ते.

धायरीकरीण:

काका, प्रयोग केला. क्रमाने लिहिते.

कॅप उघडताना 'फुस्स' झालं, इतकं की आई स्वयंपाकघरातून "काय फुटलं?" म्हणून विचारायला आली. पाणी तोंडाला नव्हतंच, आतल्या जाळ्या कोरड्या दिसत होत्या. सव्वा लिटर भरावं लागलं! बटण नखाने हललं नाही, स्क्रू ड्रायव्हरनेही नाही. खाली पांढरट खर धरली आहे.

बुडबुडे सुरुवातीला सात-आठ आले, मग बंद. ऑइलच्या झाकणाखाली बोटभर पिवळट फेस आहे, पण डिपस्टिकवरचं ऑइल नेहमीसारखं काळं. फॅन काही लागला नाही. काटा मध्याच्या वर गेला तशी बंद केली.

आणखी एक. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, गीझरची कॉइल दर वर्षी बदलते. बाबा गाडीत कूलंट घालायचे. उभी करायच्या आधी वॉचमनने मात्र 'पाणी कमी आहे' म्हणून नळीने भरलं होतं म्हणे.

पाना_बारा_तेरा:

वॉचमनचा हेतू चांगलाच होता. पण पेठांमधलं खडकवासल्याचं पाणी एक वेळ चाललं असतं, बोअरचं नाही. कॅपच्या बटणावर जी खर आहे तीच रेडिएटरच्या नळ्यांमध्येही असणार.

आता पाणी भरलेलं असूनही फॅन लागला नाही, म्हणजे निव्वळ हवेचा दोष नव्हता. मी अर्धाच बरोबर निघालो. इग्निशन चालू करा, इंजिन नको. थर्मो स्विचची वायर काढा. एकच वायर असेल तर तिचं टोक बॉडीच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा, दोन असतील तर एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर मोटर, फ्यूज, रिले ठीक, स्विच गेलाय. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग फॅनच्या मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघा. आणि बोटं पात्यांपासून लांब ठेवा, तो सांगून फिरत नाही. (एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या, गाडीवाल्यांनी हा प्रयोग करू नये, तिथे फॅनचा कारभार संगणकाकडे असतो.)

कुणी 'फॅन डायरेक्ट करून देतो, बटण लावतो' म्हणालं तर नको म्हणा. घाटात अडलात तर घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे. कायमचं केलं की एक दिवस बटण दाबायचं विसरता.

शनिवारकर:

इतकं सगळं करण्यापेक्षा ओला-उबर स्वस्त नाही का?

धायरीकरीण:

शनिवारकर, बाबांच्या डॅशबोर्डमध्ये वही आहे. १९९८पासूनचं प्रत्येक पेट्रोल, किती लिटर, किती किलोमीटर, सगळं त्यांच्या अक्षरात. ती ओला-उबरमध्ये कुठे ठेवू?

काका, वायर टेकवली आणि फॅन भर्रकन फिरला. स्विच! नाना पेठेतून स्विच आणि कॅप दोन्ही आणलं, दोन्ही मिळून हजाराच्या आत. दुकानदाराने आधी चकचकीत १.१ची कॅप काढली होती, मी ०.९चीच मागितली. त्याने वर-खाली बघितलं माझ्याकडे.

रेडिएटर भवानी पेठेत एकाकडे दिला. तांब्या-पितळेचा असल्यामुळे वरची टाकी उघडून नळ्या साफ करायला सळई मारता आली. तळाला चुन्यासारखा गाळ निघाला, त्यांनी वर्तमानपत्रावर काढून दाखवला. आता निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर घातलंय. काल संध्याकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत चाळीस मिनिटं होते. काटा मध्यावर आला, फॅन लागला, बंद झाला, परत लागला. सकाळी वरचा पाइप गोल!

त्या अठरा हजारवाल्यांकडे जाऊन सांगावं का?

पाना_बारा_तेरा:

नको. तिथे इतर कामं कधीतरी पडतील.

बोगद्याचा चढ अजून बाकी आहे, तो एकदा करून बघा. शक्यतो सकाळी लवकर, आईंना न घेता. आठवडाभर रोज सकाळी कॅप उघडून पातळी बघा, त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. पाणी परत कमी झालं तर पंपाखाली ओल आहे का बघा आणि डावीकडच्या पायपुसण्याखाली हात घाला, हीटरचा कॉइल तिथेच गळतो.

जुनी कॅप ठोकून चपटी करा आणि मगच भंगारात टाका. नाहीतर 'चांगली दिसतेय' म्हणून कुणीतरी ती दुसऱ्या ८००ला बसवेल.

धायरीकरीण:

वॉचमनने आत्ताच मागितली होती.