मदत हवी आहे: पावसाळा लागल्यापासून स्पीडोमीटरचा काटा नाचतोय, सर्व्हिस सेंटर म्हणतं अख्खा मीटर बदला

चेंबूरकर

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. मीटर काट्याचा, किलोमीटर मोजणारा भाग डिजिटल. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद "ही गाडी घेतलीच कशाला" याच सुरात येतील.

दुखणं असं: ईस्टर्न फ्रीवेवर गाडी साठच्या आसपास एका लयीत चाललेली असते आणि काटा एकदम शून्यावर पडतो. क्षणभर तिथेच बसतो, मग टुणकन उडी मारून परत साठावर. कधी तीस ते सत्तरच्या मध्ये नुसता थरथरत राहतो. इंजिन मात्र मख्ख, पिकअपमध्ये काही फरक नाही. सायनच्या ट्रॅफिकमध्ये काटा नीट असतो, पण तिथे तसाही तो फारसा उठत नाही.

उन्हाळ्यात काहीच त्रास नव्हता. पाऊस सुरू झाला आणि हे चालू झालं. दोन दिवस उघडीप मिळाली की काटा शहाण्यासारखा वागतो, एक जोरदार सर आली की परत तेच.

सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावला, "बिघाडाचा कोड काही नाही" म्हणाले, आणि लगेच पुढचं वाक्य, "क्लस्टर (म्हणजे अख्खा मीटर) गेलाय, पूर्ण बदलावा लागेल." आकडा पाच अंकी. बरं, नवीन क्लस्टर टाकला की किलोमीटर शून्यापासून सुरू होणार. उद्या गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक म्हणणार, मीटर मागे फिरवलाय.

खरंच क्लस्टर असेल का? की आधी दुसरं काही बघून घ्यावं? घरी मल्टिमीटर आहे, तो वापरताही येतो. आणि तोवर वेगाचं काय करू? सगळीकडे कॅमेरे लागलेत.

पार्लेकर

फोनवर मॅप लावा, कोपऱ्यात वेग दिसतो. काटा विसरा. पाच अंकी रुपये वाचले, समोसे आमच्याकडे पाठवा.

गॅरेजमधला

पार्लेकर, तात्पुरतं ठीक आहे. पण कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरलात की जीपीएस गप्प होतो, आणि नेमकं तिथेच वेगाकडे लक्ष हवं.

चेंबूरकर, क्लस्टरला हात लावू नका. अजून तरी नाही. आधी दोन गोष्टी सांगा. काटा शून्यावर पडतो तेव्हा किलोमीटरचा आकडा पुढे सरकतो का? आणि स्टिअरिंगमध्ये काही फरक जाणवतो का?

चेंबूरकर

किलोमीटरचं आजच पाहिलं. फ्रीवेचं अंतर नेहमीपेक्षा बरंच कमी भरलं, म्हणजे तोही अडखळतोय. आणि स्टिअरिंगचं तुम्ही विचारलंत म्हणून लक्ष देऊन पाहिलं: काटा पडला की स्टिअरिंग एकदम हलकं होतं, पार्किंगमध्ये असतं तसं. मला वाटत होतं रस्ता ओला आहे म्हणून असेल.

गॅरेजमधला

झालं, यातच निम्मं उत्तर आहे. जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

तुमच्या काळातल्या बहुतेक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सवर एक छोटा स्पीड सेन्सर असतो. चाकांकडे जाणारा गिअर फिरला की तो पल्स (विजेचे ठोके) पाठवतो. ठरावीक वेळात किती पल्स आले यावरून मीटर काटा हलवतो. इंजिनच्या ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) आणि इलेक्ट्रिक स्टिअरिंगलाही तोच सिग्नल लागतो. वेग कमी असला की स्टिअरिंग जास्त मदत करतं, वेग वाढला की ते जड केलं जातं. तुमचं स्टिअरिंग साठाच्या वेगात हलकं होतंय, याचा अर्थ त्यालाही "गाडी उभी आहे" असंच कळतंय. नुसती काट्याची मोटर किंवा मीटरमधला डाग (सोल्डरचा जोड) सुटला असता तर काटा नाचला असता, पण स्टिअरिंगला त्याचा पत्ताही लागला नसता. किलोमीटरही बहुधा बिनचूक चालले असते. म्हणजे सिग्नल तुटतोय तो बहुतेक मीटरच्या आधी: सेन्सर, त्याचा कपलर (वायरींचा प्लग) किंवा मधली वायर. पाऊस पडला की वाढतं, म्हणजे माझा पहिला संशय कपलरवर.

कोड का नाही आला? पी ०५०० हा स्पीड सेन्सरचा कोड, सिग्नल मधूनमधून तुटत असेल तर पी ०५०३. पण सिग्नल पुरेसा वेळ गायब राहिला तरच ईसीयू त्याची नोंद घेतो. क्षणभर पडून परत येणारा दोष निसटतो. त्यामुळे "कोड नाही म्हणजे क्लस्टर गेला" हे तर्कशास्त्र कुठलं ते देव जाणे.

आता करायचं काय. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (स्कॅनर लावतात ते) असेल. ब्लूटूथवाला साधा डोंगल लावा, फोनच्या अ‍ॅपवर लाइव्ह डेटामध्ये वेग उघडा आणि शेजारी बसणाऱ्याला फोन धरायला द्या. स्वतः चालवत बघू नका. काटा पडताना फोनवरचा आकडाही पडला तर सेन्सरकडची बाजू. फोनवर आकडा स्थिर आणि काटाच नाचतोय तर मीटर किंवा त्याची अर्थिंग. एक पोटकलम: काही गाड्यांत सेन्सरची वायर आधी मीटरमध्ये जाते आणि तिथून ईसीयूला, त्यात ही कसोटी फसते. म्हणून मल्टिमीटरही लावा.

बोनेट उघडा, गिअरबॉक्सवर तीन वायरींचा कपलर शोधा. बऱ्याच गाड्यांत तो बॅटरीच्या ट्रेखाली लपलेला असतो. चावी ऑन, इंजिन बंद, कपलर काढलेला: एका पिनवर बारा व्होल्ट (काही गाड्यांत पाच), एकीवर अर्थ, तिसरी सिग्नलची. मग कपलर परत लावा, सिग्नलच्या वायरला मागून बारीक टाचणी लावून मल्टिमीटरची लीड जोडा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, पुढचं एकच चाक जॅकवर, खाली स्टँड. निव्वळ जॅकवर भरवसा ठेवून हात घालू नका. चाक हाताने सावकाश फिरवलं की व्होल्टेज शून्यावर जाईल, वर येईल, परत शून्यावर. हे चालू असताना दुसऱ्याला वायर हलवायला सांगा आणि कपलरवर स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. दोष असेल तर तिथेच पकडला जाईल.

वरळीची_वारी

चांगली माहिती. माझी गाडी २०२० ची आहे, तिच्यातही असंच बघायचं का?

गॅरेजमधला

नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे, त्यामुळे नव्या गाड्यांत वेग बहुधा चाकांजवळच्या एबीएस सेन्सरवरून घेतात. गिअरबॉक्सवर वेगळा सेन्सर सापडेलच असं नाही. काटा नाचतोय आणि सोबत एबीएसचा दिवाही लागलाय, तर आधी चाकाच्या सेन्सरवरचा चिखल आणि वायर बघा. खड्ड्यांनी ती वायर ओढली जाते.

पद्मिनीप्रेमी

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या प्रीमियर पद्मिनीत यातलं काहीच नव्हतं. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल, आत फिरणारी तार. तारेच्या टोकाला लोहचुंबक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमची वाटी. चुंबक फिरला की वाटीत एडी करंट तयार होऊन ती ओढली जायची, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचायची, आणि त्या ओढाताणीत काटा उभा राहायचा. केबल कोरडी पडली किंवा कुठे मुरडली की काटा थरथरायचा. तार बाहेर काढा, रॉकेलने पुसा, हलकं ग्रीस लावा, पण मीटरकडच्या टोकाला लावू नका, नाहीतर ग्रीस चढून मीटर चिकट होतो. बास, एवढाच इलाज. काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्यांच्याबरोबर हे ज्ञानही भंगारात गेलं.

पार्लेकर

काका, मस्त. आता चलनाचं कुणीतरी सांगा. काटा बंद होता म्हटलं तर माफ करतात का?

गॅरेजमधला

कॅमेरा गाडीचा वेग स्वतः मोजतो, तुमचा काटा त्याला दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे. सी लिंकवर मर्यादा ८०, अटल सेतूवर १००. आणि फोनपेक्षा काटा चार-पाच किलोमीटर जास्त दाखवतोय म्हणून घाबरू नका. मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही असा दंडक असतो, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. तो फरक स्थिर असतो. नाचणं वेगळं.

चेंबूरकर

अपडेट. डोंगल मित्राकडून आणला. फ्रीवेवर पावसात बायकोने फोन धरला. काटा पडला की फोनवरचा आकडाही शून्य, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे क्लस्टर बहुतेक निर्दोष.

मग बॅटरी काढून ट्रे उचलला. कपलर खरंच तिथेच होता. तीनपैकी एका पिनवर हिरवट पूड जमलेली, आणि कपलरपासून वीतभर अंतरावर सिग्नलची वायर ट्रेच्या धारेवर घासून आतलं तांबं उघडं पडलेलं. गेल्या वर्षी बॅटरी बदलली तेव्हा वायर ट्रेखाली दाबली गेली असावी. ट्रे आणि बॅटरी परत बसवून स्प्रेची बाटली मारल्याबरोबर मल्टिमीटरवरचा आकडा शून्यावर जाऊन तिथेच बसला, चाक फिरवलं तरी हलेना. पुसून कोरडं केलं की परत व्होल्टेज खालीवर. दोष एवढा नेमका कधी सापडला नव्हता.

गॅरेजमधला

सापडला चोर. ओलं तांबं ट्रेला टेकलं की सिग्नल थेट अर्थ. नुसती टेप गुंडाळू नका, पुढच्या पावसात पाणी आत शिरेल. खराब तुकडा कापून टाका, नवी वायर डाग देऊन जोडा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी). वायर ट्रेपासून लांब बांधा. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पिन खाल्ली गेली असेल तर कपलरच बदला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या गाड्यांचे शेपटीसकट कपलर मिळतात. आणि हात घातलाच आहे तर उंदरांनी आणखी कुठे कुरतडलंय का तेही बघून घ्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये पावसाळ्यात ते बोनेटमध्येच राहायला येतात.

चेंबूरकर

कपलर सीएसटी रोडलाच मिळाला, तिथल्याच एका इलेक्ट्रिशियनने डाग देऊन स्लीव्ह घातली. सगळं मिळून खर्च तीन अंकी. काल धो धो पावसात फ्रीवेने ऑरेंज गेटपर्यंत जाऊन आलो, काटा साठावर, फोन सत्तावन्नवर, दोघंही स्थिर. स्टिअरिंगही वेगात जड. उंदरांचं म्हणाल तर लेंड्या सापडल्या, वायरी शाबूत आहेत. त्यावर काय उपाय करता?

वरळीची_वारी

उंदरांसाठी वेगळा धागा काढा, तो विषय शंभर प्रतिसादांत संपायचा नाही. त्या इलेक्ट्रिशियनचा पत्ता मिळेल का?

चेंबूरकर

इथे देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. दुपारी दोन ते चार जाऊ नका, जेवायला गेलेला असतो.